केळवण: टेबलाच्या मधोमध फुलं नकोत, खायचंच काही मांडायचंय

मृण्मयी_नाशिक (धागाकर्ती) | ८ एप्रिल, रात्री १०.४०

मंडळी, डोकं लढवायला मदत करा. भाचीचं लग्न ५ मे ला आहे, २४ एप्रिलला आमच्याकडे केळवण. भाची, होणारा जावई, दोघांचे आईवडील असे सहा जण टेबलावर बसतील. बाकी आम्ही आठ जण हातात ताटल्या घेऊन फिरणार.

गेल्या दोन महिन्यांत तीन केळवणांना जाऊन आले. तिन्हीकडे भाड्याने आणलेल्या त्याच कापडी झेंडूच्या महिरपी, टेबलाच्या मधोमध तीच सोनेरी पाटी. नाव तेवढं बदललेलं. एका ठिकाणी तर आधीच्या नवरीच्या नावातला 'क्षा' खरवडून काढल्याची खूणसुद्धा दिसत होती. मला ते नकोय.

माझ्या मनात असं आहे की मधोमध जे मांडायचं ते खाण्याचंच असावं आणि जेवण झाल्यावर तिथेच संपावं. दुसऱ्या दिवशी कचऱ्यात काही जायला नको. इथे द्राक्षं अजून मिळताहेत, आंबा सुरू झालाय, कलिंगडं तर आहेतच. टेबल पाच फूट बाय तीन फूट. बजेटची अडचण नाही, वेळेची आहे. शुक्रवारी अर्धी रजा मिळेल.

कुणी केलंय का असं काही? फसलेलं असेल तर तेही सांगा.

---

आजीचा_बटवा | ८ एप्रिल, रात्री ११.२५

अगं, चैत्रातच विचारते आहेस आणि चैत्रगौर विसरलीस? चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर आपल्याकडे दुसरं काय चालतं! पाळण्यातली गौर, पायऱ्यांवर करंज्या-लाडू, कैऱ्यांचे घोस, भिजवलेले हरभरे, पन्ह्याचा घडा, आणि मध्ये कलिंगडाचं कमळ. आरास बघायला बायका यायच्या आणि तीच आरास आंबेडाळीबरोबर खाऊन जायच्या.

कमळ कसं करायचं ते लिहिते, कारण हल्ली बरेच जण नुसते दात पाडतात आणि त्याला कमळ म्हणतात. लहान, काळपट सालीचं, गोल कलिंगड घे. मोठं पट्ट्यापट्ट्यांचं घेतलंस तर अर्धं टेबल अडवून बसेल. बुडाची साल पातळ चकतीएवढी काप म्हणजे ते डुगडुगणार नाही, पण लाल गरापर्यंत जाऊ नकोस, नाहीतर बुडातून रस गळत राहील. देठाच्या बाजूने आठ चिरा दे, वरून खाली पाऊण उंचीपर्यंत, सालीपुरत्याच. मग सुरीचं टोक साल आणि गर यांच्यामध्ये घालून एकेक पाकळी हळूच सोडव आणि बाहेर वळव. पाकळीला पांढरा भाग पुरेसा ठेवायचा. पातळ केलीस तर मोडते, जाड केलीस तर वळत नाही. मधल्या लाल गोळ्याला वरून उभ्या-आडव्या चिरा देऊन ठेव, म्हणजे काटा लावला की तुकडा सुटतो.

सुरी लहान, पातळ पात्याची आणि नवी धार लावलेली. आधी एक कलिंगड घरच्यांवर खर्च कर. पहिलं कमळ कुणाचंच उमलत नाही.

---

कार्टं | ८ एप्रिल, रात्री ११.३१

आमच्या हिचं पहिलं कमळ फुलकोबीसारखं झालं होतं. तोंडातून शब्द काढला नाही, म्हणून आज इथे लिहायला शिल्लक आहे.

---

पाकातला_अनारसा | ९ एप्रिल, सकाळी ९.०५

फसलेलं विचारलंयत म्हणून सांगते. माझ्या लग्नातलं रुखवत. आईने आणि मावश्यांनी महिनाभर खपून केलेलं. खोबऱ्याच्या वाटीची कोरलेली फुलं, रव्याच्या लाडवांचा मनोरा, हलव्याचा मुकुट आणि परातीएवढी एक करंजी. होय, एकच. तळायला हलवायाची कढई मागून आणली होती.

सगळ्यांनी बघितलं, फोटो काढले, वाहवा केली. सासरी गेल्यावर ती करंजी काचेच्या कपाटात बसली. कुणी खाईना, कारण 'शोभेची आहे, राहू दे'. साडेतीन महिन्यांनी कपाट उघडलं तर सारणातून पोरकिडे चालले होते. आईला आजतागायत सांगितलेलं नाही. ती इथे वाचत नाही, तुम्हीही सांगू नका.

म्हणून माझं म्हणणं असं, की पदार्थ जितका कष्टाचा आणि जितका मोठा, तितका त्याला हात लावायचा धीर होत नाही. तुम्हाला संपायला हवं असेल तर हातात मावेल एवढंच करा आणि पहिला तुकडा स्वतः मोडा.

अवांतर: हलव्याचा मुकुट मात्र नणंदेच्या पोरांनी चाटून संपवला.

---

निवृत्त_वाढपी | ९ एप्रिल, दुपारी १.४८

थोडं वाकडं बोलणार आहे, हलके घ्या.

मुळात 'मधोमध' हेच आपलं नाही. पंगत आठवा. समोरासमोर दोन रांगा, पाट, ताटं. दोन रांगांच्या मध्ये काय असायचं? मी असायचो. हातात वरणाची बादली घेऊन. मधली जागा वाढप्याची वाट होती, तिथे कमळ ठेवलं असतं तर मी पहिल्याच फेरीत त्याच्यावर आपटलो असतो. म्हणून आपल्याकडे जी सजावट झाली ती ताटाभोवती. रांगोळीची महिरप, समया, उदबत्तीचं घर. आणि खुद्द ताटात. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मधे मूद, त्यावर पिवळं वरण, त्यावर तुपाची धार. नीट वाढलेलं ताट ही काय कमी आरास आहे?

डायनिंग टेबल आलं, वाढपी भिंतीकडे सरकला, मध्ये मोकळी जागा पडली आणि आता तिचं काय करायचं हा प्रश्न पडला. एवढाच इतिहास.

दुसरं, अन्न म्हणजे पूर्णब्रह्म म्हणतो आपण आणि त्याचीच खेळणी करतो. काकडीची मगर, टोमॅटोचा गुलाब. मला नाही पटत. ताटातलं टाकू नये हे शिकवायचं आणि टेबलावरचं टाकायचं?

---

मृण्मयी_नाशिक | ९ एप्रिल, दुपारी २.१०

वाढपीकाका, टाकायचं नाही हीच तर माझी अट आहे. वाचा की पुन्हा. पण 'मध्ये मी असायचो' हे वाचून हसू आवरेना. मीटिंगमध्ये होते.

---

लीड्सवाली | ९ एप्रिल, सायं. ६.३०

काकांच्या मुद्द्याला इकडची जोड. मध्ये फळ मांडायची हौस इंग्लंडात किती टोकाला गेली होती ते ऐका. अठराव्या शतकात इथे अननस म्हणजे श्रीमंतीचा कळस. थंड देशात काचघरात, शेकोट्यांची ऊब देत, दोन-तीन वर्षं सांभाळून एक फळ हाती यायचं. ते खायचं कोण? टेबलाच्या मध्यावर ठेवायचं, पाहुण्यांनी बघायचं. ज्यांना विकत घेणं परवडत नसे त्यांना एका संध्याकाळीपुरता अननस भाड्यानेही मिळायचा! आज या घरी, उद्या त्या घरी, असा कुजेपर्यंत फिरायचा. मृण्मयी, तुझी ती भाड्याची पाटी वाचली आणि मला तो अननसच आठवला.

विम्बल्डनच्या पुरुष एकेरीच्या चषकावर झाकणाच्या टोकाला काय आहे ते पुढच्या वेळी नीट बघा. अननसच आहे.

फ्रान्समध्ये कारेम नावाचा आचारी होऊन गेला (१७८४-१८३३). तो साखर, बदामाचा गोळा आणि पेस्ट्री यांतून देवळं, मनोरे, पडके वाडे उभारायचा. त्यासाठी वास्तुकलेची पुस्तकं अभ्यासायचा. त्यातलं बरंचसं बघण्यापुरतंच असायचं. म्हणजे अनारसाताईंची करंजी अगदी पॅरिसच्या परंपरेतली आहे, वाईट वाटून घेऊ नये.

कामाचं एक सांगते. मध्ये काहीही ठेवा, पण खुर्चीत बसून कोपर टेबलावर टेका आणि मूठ हनुवटीखाली घ्या. मुठीच्या वर काही जाऊ देऊ नका. माझ्या पहिल्या ख्रिसमस जेवणाला मी मधोमध अननस उभा केला होता, शेंडीसकट. समोर बसलेला नवऱ्याचा साहेब मला जेवणभर शेंडीच्या दोन पात्यांमधून दिसत होता. तो काहीतरी विनोद सांगायचा, मी अंदाजाने हसायचे.

---

कार्टं | ९ एप्रिल, सायं. ६.४२

साहेबालाही तुमच्या डोक्यावर शेंडी दिसत असणार.

---

मृण्मयी_नाशिक | १० एप्रिल, सकाळी ८.१५

काल रात्री टेबलावर खरंच केळीची पानं मांडून बघितली आणि चक्क भूमितीचा प्रश्न उभा राहिला. पान दीड फूट लांब धरलं तरी समोरासमोरच्या दोन पानांत तीन फुटांची रुंदी जवळजवळ संपते, कारण पान आडवं असलं तरी आमरसाची वाटी, पाण्याचं भांडं, पुऱ्यांची ताटली हे सगळं मध्येच सरकतं. उरली एक वीतभर पट्टी. तीत कलिंगडाचं कमळ ठेवलं तर वाढायला हात कुठून घालायचा? वाढपीकाका, तुमची वाट तुम्ही परत मिळवलीत.

नवऱ्याचं म्हणणं, 'मग काही मांडूच नकोस.' हा पर्याय विचाराधीन नाही.

---

बुरशीबाई | १० एप्रिल, सकाळी ११.५०

मी अन्नतंत्रज्ञान शिकले आणि तेच काम करते, म्हणून थोडी भीती घालते. चिरलेलं फळ बाहेर ठेवायची मर्यादा दोन तास. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नाशिकला एप्रिलच्या दुपारी केवढं असतं ते तुम्हीच बघा. पाहुणे सातला म्हणून नऊला येतात, तोवर कमळ फ्रिजमध्येच असू द्या. आरास अख्ख्या फळांची करा, चिरलेलं ऐनवेळी काढा.

फुलं मिसळणार असाल तर कण्हेर आणि बिट्टी अजिबात नको, दोन्ही विषारी आहेत. दुकानातल्या कुठल्याही फुलांवर फवारणी झालेली असते, ती खाण्याला चिकटवून ठेवू नका. फुलवाले वापरतात तो हिरवा स्पंज म्हणजे रसायनांचा फेस असतो. त्यात काड्या खोचून फळं लावलेली मी पाहिली आहेत आणि लग्नात जेवलेच नाही.

आणखी एक गंमत. पिकता आंबा, केळी, सफरचंद यांतून इथिलीन वायू सुटतो. कार्नेशन, ऑर्किड यांच्याशेजारी पाटीभर पिके आंबे ठेवलेत तर फुलं लवकर माना टाकतात. मग बाई फुलवाल्याशी भांडतात.

मुंग्यांसाठी नवीन शोध लागलेला नाही. परातीत पाणी, त्यात वाटी, वाटीवर ताटली.

---

पेडण्याचो_पोर | १० एप्रिल, रात्री ९.२०

टेबलावर जागा नाही तर वर बघा. आमच्या गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगलेली. जुन्या घरांत तिच्यासाठी आकडे कायमचे असतात. तिला आंब्याच्या डहाळ्या आणि मग पावसाळ्यात रानात, परसात जे पिकतं ते सगळं. नारळाची पेंड म्हणजे घोस, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, दोडकी, पडवळ. बांधायला केवणीच्या सालीचे दोर. चवथीच्या आधी माटोळीच्या सामानाचा वेगळा बाजार भरतो आणि सरकारचं कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धासुद्धा घेतं.

माटोळीत सगळंच खाण्याजोगं नसतं हे खरं. कवंडळ लालभडक, दिसायला सगळ्यांत देखणं आणि तोंडात घालायची सोय नाही. पण खाली माणसं बसतात, जेवतात, आरती करतात आणि कुणाचा हात कशाला अडत नाही.

लहानपणी माटोळीखाली निजायचो. रात्री एखादी सुपारी टप्पकन पडायची, मग झोप नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा | १० एप्रिल, रात्री १०.०५

हेच लिवाले आली होती! आमच्याकडे विदर्भात महालक्ष्म्यांवर फुलोरा असतो. तुम्ही पुण्याकडचे ज्येष्ठा गौरी म्हणता, त्याच. मूर्तीच्या वर आडवी काठी नाहीतर चौकट आणि तिला दोऱ्यांनी तळलेले पदार्थ टांगायचे. करंजी, पापडी, साटोरी, आणि देवीच्या शृंगाराची वेणी, फणी. सगळं कणकेचं नाहीतर रव्या-मैद्याचं. विसर्जनानंतर फुलोरा उतरवून घरोघर वाटतात. माझ्या लहानपणी फणीवरून भांडणं व्हायची.

करणार असशील तर बारकावे सांगते. पीठ घट्ट, मोहन कडकडीत. पापडी फुगली तर काम गेलं, म्हणून लाटून झाली की काट्याने भरपूर टोचायची. दोरा ओवायचं भोक तळण्याआधी पाडायचं, काठापासून बोटभर आत. अगदी काठाला पाडलं तर वजनाने फाटतं. तळताना ते बुजत जातं, म्हणून झाऱ्यावरून काढल्या काढल्या, गरम असतानाच, उदबत्तीची कोरी काडी त्यातून फिरवायची. गार झाल्यावर काडी घातलीस तर पापडीचे दोन तुकडे. करंजीला भोक मुरडीत पाडायचं, सारणात नाही. मंद आचेवर तळायची, आतून मऊ राहिलेली करंजी दोन तासांत दोऱ्यावरून ओघळते.

दोरा सुती. नायलॉनचा कापतो.

---

निवृत्त_वाढपी | ११ एप्रिल, सकाळी ७.३०

फुलोरा देवीचा. केळवणात माणसांच्या डोक्यावर? उद्या नैवेद्याचं ताट वाढदिवसाला वापराल.

---

वऱ्हाडी_ठेचा | ११ एप्रिल, सकाळी ८.००

काका, माझी आजेसासू असती तर हेच म्हणाली असती, म्हणून तुमच्यावर रागावत नाही. फुलोरा म्हणू नका, झुंबर म्हणा. वेणी-फणी देवीची, ती वगळा. करंजी, पापडी सगळ्यांची.

बाकी देवाची आरास आणि खाणं यांत अंतर कुठे आहे तसं? अक्षय्य तृतीयेला पुण्यात दगडूशेठ गणपतीपुढे ११,००० आंबे मांडतात आणि मग ते ससूनमधल्या रुग्णांना, वृद्धाश्रमांत वाटतात. आरास ती आरास, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हातात आंबा.

---

निवृत्त_वाढपी | ११ एप्रिल, सकाळी ८.२२

झुंबर चालेल.

---

सुगरणीचा_भाऊ | ११ एप्रिल, दुपारी १२.४०

डाळींची रांगोळी घालू नका एवढंच सांगायला आलो. बहिणीच्या केळवणाला आम्ही टेबलाच्या मधल्या पट्टीत मसूर, मूग, उडीद आणि तांदूळ वापरून मोर काढला. निळा रंग हवा म्हणून तांदळात रांगोळीचा निळा कालवला. कार्यक्रम झाल्यावर सगळं भरून घेतलं तर साडेतीन किलो धान्य, त्यात तो निळा, वर सांडलेलं ताक. गाईलाही घालता येईना.

रंग न घालता परातीत काढली असती तर गाळून, धुऊन खिचडी तरी झाली असती.

---

मृण्मयी_नाशिक | १२ एप्रिल, रात्री ११.१५

झुंबर ठरलं. प्रश्न असा की टांगायचं कशाला? जेवणघराच्या छताला एकच आकडा, त्याला पंखा.

आज रंगीत तालीम केली. बाजारातल्या दहा तयार पापड्या आणल्या, पंख्याच्या दांडीला सुतळीने एक रिंग बांधली, पापड्या लटकवल्या. फोटोसाठी खाली उभी राहिले. छान दिसत होतं. तेवढ्यात चिरंजीव क्लासहून आले, दप्तर फेकलं आणि सवयीने पंख्याचं बटण दाबलं.

पुढचं तुमच्या कल्पनेवर सोडते. एक पापडी अजून सापडलेली नाही.

---

कार्टं | १२ एप्रिल, रात्री ११.१८

प्रचि (प्रकाशचित्र) कुठे?

---

पेडण्याचो_पोर | १३ एप्रिल, सकाळी ८.४५

तुमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायचा पुलीवाला स्टँड आहे का? छताला टांगलेला, दोरी सोडली की दांड्या खाली येतात तो? म्हणजे माटोळीची चौकट घरात आयती आहे. टेबल बाल्कनीत काढा. पंखा नाही, वारा आहे.

---

मृण्मयी_नाशिक | १३ एप्रिल, सकाळी ८.५२

!!!!

आहे. सहा दांड्यांचा. बाल्कनी दहा फूट लांब. आत्ता त्यावर नवऱ्याचे सहा पांढरे शर्ट आहेत, पण ते उतरतील.

---

आजीचा_बटवा | १३ एप्रिल, सकाळी ९.३०

दांड्या आधी साबणाने धू, मग कोरड्या पूस. वर्षानुवर्षांची पावडर बसलेली असते, पुऱ्यांवर झडेल. आणि दिवा टेबलाच्या वर लावू नकोस, बाजूला लाव. पाखरं दिव्याकडे जातात, झुंबराकडे नाही येणार. द्राक्षाचे घडही बांध, पण देठाची टी ठेवून तोड म्हणजे दोरा अडकायला आधार राहतो.

कलिंगड टांगू नकोस म्हणजे झालं.

---

मृण्मयी_नाशिक | २६ एप्रिल, दुपारी ४.००

झालं केळवण. सविस्तर लिहिते, कारण कुणीतरी उद्या शोधत येईल.

गुरुवारी रात्री करंज्या आणि पापड्या. ठेचाताईंनी सांगितलं तसं गरम असताना काडी. पहिल्या चार पापड्या तरीही मोडल्या, कारण मी काडी फिरवण्याऐवजी दाबत होते. गिरकी द्यायची असते हे पाचव्या पापडीला कळलं. एकूण चाळीस पापड्या, तीस करंज्या. त्यांतल्या अठ्ठावीसच टांगल्या, दोन आचाऱ्याच्या पोटात.

मधल्या दोनच दांड्या वापरल्या. त्यांना आंब्याच्या डहाळ्या बांधल्या, पानं पुसून. एका दांडीला करंज्या-पापड्या, एक लांब दोरा एक आखूड अशा. दुसरीला द्राक्षाचे नऊ घड, हिरवे आणि काळे, आणि देठासकट कैऱ्या. कडेच्या चार दांड्या वर छताला चिकटवून ठेवल्या, अंधारात दिसल्या नाहीत. खाली टेबलावर फक्त पानं, वाट्या आणि मधल्या वीतभर पट्टीत गोविंदविडे, लवंग टोचून, ओळीने उभे. तेवढीच मधली आरास. ती जेवणानंतर पाच मिनिटांत संपली.

लीड्सवालीची मुठीची खूण उलटी वापरली. उभ्या माणसाच्या डोक्याला लागणार नाही एवढं वर, आणि बसलेल्याला मान न मोडता दिसेल एवढं खाली. व्याही सहा फूट दोन इंच आहेत हे मापात नव्हतं. आल्या आल्या त्यांच्या केसांत द्राक्षाचा घड. पण माणूस मोकळा. तिथल्या तिथे दोन मणी तोडून तोंडात टाकले आणि म्हणाले, 'स्वागत आवडलं.'

मुंग्या आल्या नाहीत, लटकलेल्या गोष्टीपर्यंत पोचायला त्यांना छतावरून यावं लागलं असतं. बुरशीबाई, कलिंगडाचं कमळ फ्रिजमधून पावणेनऊला काढलं, साडेनऊला फक्त बूड उरलं होतं. कमळ कसं झालं विचारू नका. चौथं होतं, तरी एका बाजूने कोबी.

फसलं ते एकच. वाऱ्याची झुळूक आली की पापड्या एकमेकींवर आपटायच्या, आवाज गोड यायचा, पण भुगा सरळ आमरसात. भाचीच्या वडिलांनी दोनदा 'आमरसात कुरकुरीत काय घातलंय?' विचारलं. मी 'नवीन पद्धत आहे' म्हणाले. पुढच्या वेळी पापड्यांमध्ये वीतभर अंतर सोडीन.

आता मुख्य गोष्ट. जेवणं झाली, विडे झाले. मी दोरी सोडली आणि झुंबर हळूहळू खाली आलं, टेबलापर्यंत. कुणालाच ठाऊक नव्हतं की हे खाली येतं. व्याही-विहीण, आजी, पोरं, सगळे उभे राहिले. अनारसाताईंचं वाक्य लक्षात होतं, म्हणून पहिली करंजी मीच तोडली आणि भाचीच्या हातात दिली. नंतर पाचच मिनिटं लागली. तीनच पापड्या राहिल्या, त्या शेजारच्या काकूंना. कैऱ्यांचं काल पन्हं केलं.

वाढपीकाका, तुमची आठवण काढली. वाढायला मधून जागा होती.

---

निवृत्त_वाढपी | २६ एप्रिल, सायं. ५.१२

वाचलं. भुग्याच्या आमरसाची कृती टाका.

---

पाकातला_अनारसा | २६ एप्रिल, सायं. ५.४०

मला डोळ्यांत पाणी आलं हो. पहिला तुकडा मोडलात.

---

वऱ्हाडी_ठेचा | २६ एप्रिल, सायं. ६.०३

गिरकी, गिरकी! हे लिहायचं माझ्याकडून राहिलं होतं बघ. हाताला इतकं सवयीचं झालंय.

---

मृण्मयी_नाशिक | २८ एप्रिल, सकाळी ७.५०

धागा वर काढते आहे, पण प्रश्न वेगळा आहे. त्या दोन दांड्या दोनदा धुतल्या, एकदा व्हिनेगरने पुसल्या. तरी नवरा काल ऑफिसात गेला तर शेजारचा विचारतो, 'आज घरी काय तळलंय?' शर्टाला तुपाचा वास कशाने जातो?